गाडीतून उतरताना बसणारा झटका: हात कधी लावायचा ते आधी शिका

गाडीतून उतरून दार लावायला हात पुढे केला की चट् असा आवाज होतो आणि बोटाच्या टोकाला सुई टोचल्यासारखं होतं. अंधार असेल तर बारीक निळसर ठिणगीही दिसते. ज्यांना हे रोज सोसावं लागतं त्यांना हमखास दोन सल्ले मिळतात: गाडीचं वायरिंग तपासा, नाहीतर गाडीखाली जमिनीला टेकणारी रबरी पट्टी लावा. दोन्हींवर पैसे घालवू नका. नेहमीची बॅटरी १२ व्होल्टची असते, कोरड्या हाताला ती जाणवतसुद्धा नाही. पट्टी लावली तर गाडीवरचा विद्युतभार जमिनीत जाईल, पण आपल्याला त्रास देणारा भार गाडीवर नसतो. तो आपल्या अंगावर असतो.

प्रवासभर कपडे सीटला घासतात आणि दोघांवर विरुद्ध भार जमतो. आपण बसून असतो तोवर हे भार एकमेकांच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे काहीच कळत नाही. सीटवरून उठलो की ते एकमेकांपासून दूर होतात आणि अंगावरचं व्होल्टेज झपाट्याने चढतं. हवा कोरडी असेल तर ते १०,००० व्होल्टच्याही वर जाऊ शकतं. बुटाचा तळ रबरी असला तर भार जमिनीत उतरत नाही, आणि मग ज्या धातूला पहिल्यांदा हात लागेल तिथे ठिणगी उडते. एवढं लक्षात आलं की उपाय आपोआप समजतो.

तयारी

सीट कव्हर पॉलिएस्टरचं असेल तर सुती घाला. लोकरी किंवा नायलॉनचे कपडे आणि जाड रबरी तळाचे बूट ही जोडी सगळ्यात वाईट. एकच गोष्ट बदलायची असेल तर आधी बूट बदलून दोन दिवस बघा. हाताला क्रीम लावल्याने थोडा फरक पडतो.

उतरणं: खरी गोम इथे आहे

"उतरल्यावर गाडीच्या पत्र्याला हात लावा" असं सर्रास सांगितलं जातं. हा सल्ला उलटा आहे. उतरल्यावर हात लावलात तर झटका बसणारच, कारण भार तोवर अंगावर चढलेला असतो. धातू धरायचा तो सीटवरून उठण्याच्या आधी, आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत सोडायचा नाही. मग भार तयार होता होता गाडीच्या पत्र्यावर पसरत जातो, ठिणगी पडण्याइतका साठतच नाही.

ऐकायला सोपं आहे. मला मात्र हे जमायला अख्खा हिवाळा लागला, कारण मी एकाच वेळी दोन चुका करत होते. पहिली चूक म्हणजे मी दाराच्या आतला मूठीचा भाग धरायचे, आणि तो प्लास्टिकचा. प्लास्टिक, रबरी पट्टी, काच, कापडी अस्तर यांतलं काहीही धरून उपयोग नाही. दार उघडल्यावर त्याच्या कडेचा किंवा चौकटीचा पत्रा दिसतो, तो धरा. बोटाच्या टोकाने नाही, पूर्ण तळव्याने.

दुसरी चूक सापडायला वेळ लागला. मी पत्रा धरून उठायचे, एक पाय खाली ठेवायचे आणि शेजारच्या सीटवरची पर्स उचलायला हात सोडायचे. मांडी अजून सीटला घासत असायची. म्हणजे भार साठण्याचं काम चालूच, आणि त्याला जायची वाट मी स्वतःच बंद केलेली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: सामान आधी मांडीवर, मग पत्रा, मग उठणं. दुसऱ्या हातात काहीही असो, पत्रा धरलेला हात मध्ये सुटता कामा नये.

पत्र्यावरचा रंगही थोडा आडवा येतो. तळवा टेकवूनही झटका बसत असेल तर उघडा धातू शोधा. दाराचं लॉक ज्या लोखंडी हुकात अडकतं त्याला रंग नसतो. पण तिथे बोटं घालायची सवय लावून घेऊ नका, आणि मुलांना तर ती जागा दाखवूही नका. वाऱ्याने दार आपटलं तर बोट चिरडेल; त्यापुढे झटका काहीच नाही.

पत्रा धरायला विसरलात तर

किल्ली चिमटीत घट्ट धरा आणि तिचं टोक पत्र्याला लावा. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते, आणि किल्ली त्वचेच्या मोठ्या भागाला टेकलेली असल्यामुळे टोचत नाही. बोटं मात्र किल्लीच्या धातूलाच लागायला हवीत, प्लास्टिकच्या मुठीला नाही. नाणंही चालतं. काहीच हाताशी नसेल तर बोटाऐवजी कोपर टेकवा.

पेट्रोल भरताना

इतर वेळी झटका म्हणजे नुसता त्रास, इथे तो धोका आहे. पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जा पुरते आणि अंगावरून पडणाऱ्या ठिणगीत त्याहून कितीतरी जास्त असू शकते. स्वतः पेट्रोल भरत असाल तर नोझलला हात लावण्याआधी टाकीच्या तोंडापासून दूर, गाडीच्या उघड्या धातूला हात लावा. भरणं चालू असताना गाडीत परत जाऊन बसू नका. दोन मिनिटं बसून उठलात तरी भार पुन्हा चढतो आणि तोच हात थेट वाफेपाशी जातो. बसावंच लागलं तर उतरल्यावर आधी धातूला हात, मग नोझल.

आणि कधी जाळ दिसलाच तर नोझल टाकीतून ओढून काढू नका. ते ओढलं की पेट्रोल बाहेर सांडतं आणि आग पसरते. आहे तिथे सोडा, लांब व्हा आणि पंपावरच्या माणसाला ओरडून पुरवठा बंद करायला सांगा.