शामायची वही: घरातल्या ख्रिस्ती आजीचे चरित्र कसे लिहावे

गोव्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत आजीला शामाय म्हणतात. माझे माहेर फोंड्याचे, मराठी. लग्नानंतर मी उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात अशाच एका घरात आले आणि काही वर्षांनी नवऱ्याच्या शामायचे चरित्र एका वहीत मराठीत लिहून काढले, कारण माझा हात त्याच भाषेत चालतो आणि माझ्या माहेरच्या माणसांनाही ही बाई कळावी असे मला मनापासून वाटत होते. ते करताना जे उमगले ते येथे सांगते.

सुरुवात नावापासून करावी. समजा आजीचे नाव कातारीना, म्हणजे कॅथरीन, आहे, तर ती कोणत्या संतिणीच्या नावाने ओळखली जाते हे आधी निश्चित केले पाहिजे. अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनचा सण २५ नोव्हेंबरला येतो. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा शहर जिंकले ते याच दिवशी, आणि म्हणूनच जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल तिला अर्पण केलेले आहे. सिएनाची कॅथरीन ही वेगळी, चौदाव्या शतकातली. तिचा सण आता २९ एप्रिलला असतो, जुन्या दिनदर्शिकेत तो ३० एप्रिलला होता. घरातल्या आल्तारावरचे, म्हणजे देव्हाऱ्यावरचे, चित्र नीट पाहिले तर बहुधा उलगडा होतो: पहिलीच्या शेजारी मोडलेले चाक आणि तलवार असते, दुसरीच्या अंगावर डोमिनिकन पंथाचा पांढरा झगा व काळा अंगरखा असून हातात लिलीचे फूल असते.

संतीण सापडली की तिचे चरित्र वाचावे, पण केवळ चमत्कार टिपून थांबू नये. पोर्तुगालची राणी इझाबेल (१२७१–१३३६) म्हटले की पदरातल्या भाकरींची फुले झाल्याची कथा सगळे सांगतात, परंतु नवरा आणि मुलगा सैन्य घेऊन समोरासमोर उभे ठाकले तेव्हा तिने मध्ये पडून तह घडवला, हे मला अधिक मोलाचे वाटते, आणि वाटणीवरून भांडणारे दीर-पुतणे सांभाळणाऱ्या आजीविषयी लिहिताना तेच उपयोगी पडते. सिएनाची कॅथरीन (१३४७–१३८०) रंगाऱ्याची मुलगी होती. तिची पावणेचारशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत, त्यांतली बहुतेक तिने दुसऱ्यांकडून लिहवून घेतली, आणि पोपनी फ्रान्समधल्या आविन्योंहून रोमला परतावे म्हणून तेव्हाचे पोप अकरावे ग्रेगरी यांना तिने आग्रहाने लिहिले. आमच्या शामायचा नवरा तारवटी होता, वर्षातले दहा महिने बोटीवर. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून शेजारच्या मुलीला समोर बसवून ती पत्र सांगत असे: कौलांचा खर्च, गायीचे वेत, मुलाचा ताप. कॅथरीनच्या पत्रांविषयी वाचल्यावरच मला या पत्रांविषयी विचारायचे सुचले.

यानंतर कागदपत्रांकडे वळावे. इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडील, बहुधा दोन्हीकडचे आजीआजोबा आणि पादरीन-मादरीन, म्हणजे धर्मपिता व धर्ममाता, यांची नावे मिळतात. मादरीनचे नाव अवश्य उतरून घ्यावे, कारण पुष्कळदा मुलीचे नाव तिच्यावरूनच ठेवलेले असते. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत, तेव्हा ती भाषा जाणणारे घरातले वयस्क माणूस सोबत न्यावे. जमिनीचे दस्तऐवजही चाळावेत. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली आणि तिच्यानुसार सर्वसाधारणपणे पतिपत्नी मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी असतात. त्यामुळे एरवी कोठेही न दिसणारी बाई खरेदीखतावर सहीने नाहीतर अंगठ्याने हजर असते.

प्रत्यक्ष बोलणे मात्र तिचे हात कामात असताना करावे. वही उघडून समोर बसले की माणूस अवघडते. आदोळीवर नारळ किसताना किंवा नाताळच्या न्योऱ्या (करंज्या) भरताना तेच माणूस मोकळे होते. नवसाला येथे आंगवण म्हणतात, तिच्याविषयी हळुवारपणे विचारावे. तळावलीच्या सांत आनाच्या, म्हणजे मरियेच्या आईच्या, फेस्ताला (सणाला) मूल व्हावे म्हणून काकड्या वाहतात, त्यामागे एखादे गेलेले बाळ असू शकते. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मरिया माता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असे आमच्या माहेरी मानतात. हे मी सांगितले तेव्हा शामाय आपणहून तासभर बोलत राहिली.

तिचे प्रार्थनेचे पुस्तक पाहायला मिळाले तर पाने सावकाश उलटावीत. आमच्या शामायच्या पुस्तकात मृतांच्या आठवणीची कार्डे, वाळलेली झावळीची पाती आणि सांत आनाचे एक चित्र होते. चित्राच्या मागे पेन्सिलीने उभ्या रेघा ओढलेल्या, दर पाचवी आडवी. तो नारळांच्या पाडपाचा (तोडणीचा) हिशेब होता.

वंशवृक्ष काढताना ज्यांना मुले झाली नाहीत त्या स्त्रिया हमखास गळतात, म्हणून अविवाहित आत्या आणि मठात गेलेल्या मावश्या यांच्यासाठी आधीच पान राखून ठेवावे. जुन्या गोव्यातला सांता मोनिकाचा मठ १६०६ मध्ये स्थापन झाला आणि तिथली शेवटची संन्यासिनी १८८५ मध्ये वारली. तिथे राहून गेलेल्या किती जणींची नावे त्यांच्या घरच्यांच्या तोंडी आज उरली असतील, या विचाराने मला अजूनही अस्वस्थ वाटते.

लिहिताना तिची वाक्ये तिच्याच कोंकणीत ठेवावीत. ‘आदीं चूल, मागीर तेर्स’ (आधी चूल, मग जपमाळेची प्रार्थना) हे शामायचे वाक्य मी आधी मराठीत आणले होते. ते निर्जीव झाले, म्हणून परत जसेच्या तसे केले. तिचा राग, तिचा हट्ट, सुनांना केलेला जाच हेही लिहावे. तिला संतीण करू नये.

शेवटी सगळे तिला वाचून दाखवावे आणि ती नको म्हणेल ते काढून टाकावे. आमच्या शामायने बहिणीशी झालेल्या भांडणाचा अर्धा परिच्छेद काढायला लावला, आणि नारळांचा आकडा चुकला होता तो सुधारून घेतला.