पहिल्या पगारात ऑफिसचे कपडे

बेळगावच्या खडेबाजारात कापड घ्यायला निघालाय? आधी सुटाचं डोक्यातून काढा. उद्यमबागच्या कारखान्यात नाहीतर बँकेत रोज सूट कोण घालतंय ओ! दोन पँटी घ्या, गडद निळी नि राखाडी. चार शर्ट, पांढरे नि फिकट निळे. कशावर काहीही चालतं.

आता फिटिंग. मी शिंपी, तिथं मी कुणाचं ऐकत नाही. शिवण बरोबर खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. कंबर, लांबी मी नंतर बघून देतो; पण तयार कोटाचा खांदा उसवायचा म्हणजे अर्धा कोट नव्यानं शिवायचा. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जातात का बघा. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा, लग्नानंतर लागतेच.

जुलैत आपल्याकडं कपडे वाळत नाहीत, म्हणून निव्वळ सुती नको, टेरिकॉट, म्हणजे सूत नि पॉलिएस्टरचं मिश्र कापड, बरं. बूट रबरी तळाचे, काळे, पट्टाही काळाच. कोट हवाच असेल तर माप दिवाळीच्या महिनाभर आधी द्या. एकदा लग्नसराई लागली की मी फोन उचलत नाही.