गोधडीचे आठ त्रिकोणी चौकोन एकदम

दुरंगी त्रिकोणांची गोधडी करायची म्हटलं की बहुतेक जणी आधी त्रिकोण कापतात. तिरकी कापलेली कड हातातच ताणते आणि पुढे एक कोपरा दुसऱ्याला जुळत नाही. म्हणून आधी शिवा, मग कापा.

गडद आणि फिका असे दोन चौकोन घ्या, प्रत्येकी ८ इंची. सुलट बाजू आत ठेवून ते एकमेकांवर ठेवा. खडूने दोन्ही कर्ण आखा. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप घाला, म्हणजे एकूण चार टिपा. आता कापणी: आधी मधोमध उभा आणि आडवा काप, मग आखलेल्या रेघांवर तिरके काप. मधे कापड हलवायचं नाही. उलगडलं की आठ चौकोन तयार, प्रत्येकात एक गडद आणि एक फिका त्रिकोण! इस्त्री सरकवू नका, वरून दाबा, आणि प्रत्येक चौकोन साडेतीन इंची छाटून घ्या. शिवल्यावर तो तीन इंची बसतो. छाटताना पट्टीवरची ४५ अंशांची तिरकी खूण शिवणीवरच हवी, नाहीतर कोपरे हमखास चुकतात.

इंदूरच्या कपडा मार्केटमधून बाग प्रिंट (मध्य प्रदेशातल्या बाग गावचं ठशांनी छापलेलं कापड) आणलंत तर आधी धुऊन घ्या, पहिल्या पाण्यात रंग सुटतो. घरातल्या माहेश्वरी साडीचे तुकडे या पद्धतीला मला तरी पटत नाहीत, रेशमामुळे ते फार सरकतात. वापरायचेच असतील तर टाचण्या भरपूर लावा. सुती कापडाला कोपऱ्यातल्या चार पुरतात.