जुन्या संगणकावर प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो? या चुका टाळा

घरातला आठ-दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप एक्सेल किंवा क्रोम उघडायला मिनिटभर घेऊ लागला, की निदान बाजूला राहते आणि इलाज आधी सुरू होतात. कोणी डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून ‘रीफ्रेश’ दाबत बसतो, ज्याने पडद्यावरची चित्रे पुन्हा मांडली जाण्यापलीकडे काहीही होत नाही. कोणी थेट दुकान गाठतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि प्रोग्रॅम सुरू होत असताना प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी नेमके काय १०० टक्क्यांना टेकते आहे ते पाहावे, एवढे साधे काम मात्र क्वचितच कोणी करतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ऊठसूट फॉरमॅट मारणे. परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांच्या संगणकाला वर्षभरात दोनदा फॉरमॅट मारून झाला होता. सोसायटीचे हिशेब ते एक्सेलमध्ये ठेवत; फॉरमॅटनंतर काही दिवस बरे जात आणि मग फाइल उघडेपर्यंत चहा होऊन जाई. दुकानदाराने दोन्ही वेळा ‘विंडोज करप्ट झालंय’ एवढेच सांगून पैसे घेतले होते. मी टास्क मॅनेजर उघडला तेव्हा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला होता, डिस्क मात्र १०० टक्क्यांवर होती आणि तिचा सरासरी प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदांत चार अंकी दिसत होता, जो निरोगी हार्ड डिस्कवर साधारण दहा-वीसच्या घरात असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दाखवले आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’समोर शून्य नव्हते. म्हणजे डिस्कचे काही भाग धड वाचताच येत नव्हते आणि ती तीच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत होती. “अहो, पण आत्ताच तर फॉरमॅट मारलाय!” असे ते म्हणाले खरे, परंतु झिजलेली तबकडी फॉरमॅटने बरी होत नाही, हे त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते. अशा वेळी सफाई, डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे सलग लावणे) वगैरे सर्व बाजूला ठेवून प्रथम हिशेब आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि मगच नवी डिस्क बसवण्याचा विचार करावा. माझा हा क्रम कोणाच्याही घाईमुळे बदलत नाही.

दुसरी चूक निव्वळ उतावीळपणाची आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचक टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवला, तर विखुरलेल्या जागांवरची वाचने सेकंदाला शंभराच्या आतच होतात. संगणक सुरू झाल्याबरोबर अँटीव्हायरस, अपडेट आणि अर्धा डझन प्रोग्रॅम याच टोकाला इकडून तिकडे पळवत असतात, आणि त्याच क्षणी आपण एक्सेलच्या आयकॉनवर चार वेळा डबल-क्लिक करतो. चारही विनंत्या रांगेत लागतात आणि पहिलीच आणखी उशिरा पूर्ण होते. संगणक सुरू केल्यावर डिस्कचा आकडा खाली येईपर्यंत थांबावे. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात जाऊन, रोज लागत नाही ते सर्व डिसेबल करावे. एवढा धीर नसणाऱ्याने जुन्या यंत्राच्या वाटेला जाऊ नये.

‘एका क्लिकमध्ये वेग वाढवा’ म्हणणाऱ्या क्लीनरबद्दल माझे मत अजिबात चांगले नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आपल्या व प्रोग्रॅमच्या सेटिंग जिथे ठेवते ती नोंदवही, साफ केल्याने प्रोग्रॅम लवकर उघडल्याचे मी पाहिलेले नाही, आणि यूट्यूबवर सांगतात तसा प्रीफेच फोल्डर रिकामा केला तर उलटेच होते, कारण कोणत्या प्रोग्रॅमला सुरुवातीला कोणत्या फाइल लागतात याची नोंद विंडोज तिथेच ठेवते.

दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नयेत. सी ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नये. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापला, की तो आपला वेग स्वतःच कमी करतो. डिस्कची तब्येत चांगली असूनही क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘सीआरसी एरर’चा, म्हणजे माहिती ने-आण करताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलून पाहावी, ती स्वस्त असते.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली दिसत असेल, तर ४ जीबीची ८ जीबी करावी, मात्र खरेदीपूर्वी मदरबोर्डला डीडीआर३ चालते की डीडीआर४ (मेमरीच्या दोन पिढ्या) ते तपासावे, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. मेमरी पुरेशी असून डिस्कच अडवत असेल, तर साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) हाच एकमेव खर्च मी निःशंकपणे सुचवतो. ती बसवल्यावर जुनी डिस्कही जोडून ठेवणार असाल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बूटचा क्रम, म्हणजे कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे तो, अवश्य पाहावा. नवी एसएसडी आत असूनही विंडोज जुन्याच डिस्कवरून सुरू होत असल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.