ऑप्शन फॉर्मच्या आधी एक बुधवार

२०१६ च्या पावसाळ्यात बार्शीतल्या एका सायबर कॅफेत बसून मी इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या असलेल्या कॉलेजांची क्रमवार यादी, भरला. शेजारी बाबा, त्यांच्या हातात मागच्या वर्षीच्या कटऑफची झेरॉक्स, आणि मागे आणखी दहा-बारा जण आपला नंबर कधी येतो म्हणून ताटकळलेले. सीईटीला २०० पैकी ११८ मार्क होते. कॅफेवाले दादा म्हणाले, "ताई, जिथं नक्की लागेल ते वर टाका, नाहीतर ऑप्शन वाया जातो." आम्ही मान डोलावली. यादीत १४ कॉलेजं टाकली. सगळ्यात वर पुण्याच्या एका टोकाचं, जिथं माझा नंबर डोळे झाकून लागला असता. लागलाच.

नंतर कटऑफची यादी आली. मला मनापासून हवं असलेलं कॉलेज मी "उगाच कशाला" म्हणत सातव्या नंबरावर टाकलं होतं. ते माझ्यापेक्षा तीन मार्कांनी खाली बंद झालं होतं. बाबांनी तो कागद कितीतरी दिवस देवघराच्या फळीवर जपून ठेवला होता. का, ते मी कधी विचारलं नाही.

ऑप्शन वाया जातो ही अफवा अजूनही जोरात आहे, म्हणून आधी तिचा निकाल लावते. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेत, तुमची यादी वरून खाली वाचली जाते. पहिलं मिळत नसेल तर दुसरं बघितलं जातं, तेही नसेल तर तिसरं. अवघड कॉलेज वर ठेवल्यानं खालचं हातचं कॉलेज जात नाही. उलटं मात्र नक्की होतं: सोपं वर ठेवलंत तर तेच गळ्यात पडतं आणि खालच्या चांगल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. २०२५ च्या प्रवेशात तर पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही पसंतीक्रम मिळाला, की तो पक्का धरला जाऊन पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होत होतं. म्हणजे वरची पाच-सहा नावं अशीच हवीत, की जिथं लागलं तर रात्री शांत झोप लागेल. नियम दरवर्षी थोडेफार हलतात. सीईटी सेलची माहितीपुस्तिका कंटाळवाणी आहे, पण ती स्वतः वाचा. काका, मामा आणि कॅफेवाले दादा यांच्या भरवशावर राहू नका.

कटऑफची पीडीएफ वाचताना आमच्या घरी दुसराही घोळ झाला होता. बाबा बघत होते जीओपनएचचा रकाना. जीओपन म्हणजे खुला प्रवर्ग, शेवटचा एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं. मी सोलापूर विद्यापीठाची, कॉलेज पुणे विद्यापीठाचं, म्हणजे माझ्यासाठी शेवटी ओ असलेला रकाना. एस असेल तर राज्यपातळीवरच्या जागा. सुरुवातीला जीऐवजी एल असेल तर त्या मुलींसाठीच्या. टीएफडब्ल्यूएसची ओळ वेगळी असते: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना तिथं शिक्षणशुल्क माफ, पण जागा मोजक्या, त्यामुळे कटऑफ चढा. एकट्या पहिल्या फेरीची यादी बघून खचू नका, शेवटच्या फेरीचीही उघडा. दोन्हींच्या मध्ये बरंच काही घडतं.

पैशाचं थोडक्यात. मान्य झालेली फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेजच्या काउंटरवर वेगळा आकडा सांगितला तर हा जास्तीचा कशाचा, हे शांतपणे विचारा. होस्टेल, मेस आणि बस त्यात धरलेली नसते. आमचं घरचं गणित नेमकं तिथंच कोलमडलं. शिष्यवृत्त्या आणि मुलींना २०२४-२५ पासून मिळणारी फीमाफी हवी असेल तर प्रवेश कॅपमधून हवा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत हवा. मॅनेजमेंट कोट्यातून आत गेलात की हे विसरा.

आता मुद्द्याचं. मी ज्या कॉलेजात चार वर्षं काढली ते मी प्रवेशाआधी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिला होता फक्त त्यांच्या माहितीपत्रकातला फोटो: हिरवळ, कारंजं, हातात पुस्तक धरून हसणाऱ्या दोन मुली. कारंजं होतं. चार वर्षांत ते दोनदा चालू झालेलं पाहिलं, दोन्ही वेळा तपासणीची कमिटी येणार होती.

म्हणून आज कुणी विचारलं तर मी एकच सांगते. यादीतल्या वरच्या चार कॉलेजांना जाऊन या, आणि ओपन हाऊसच्या दिवशी नको. साधा बुधवार निवडा, तास चालू असतानाची वेळ. प्रवेशाच्या धामधुमीत कॉलेज रिकामं असतं, म्हणून बारावीच्या वर्षातच एखादा दिवस काढलेला बरा. गेटवर अडवलं तर "प्रवेशाची चौकशी करायची आहे" म्हणा, बहुतेक ठिकाणी सोडतात.

आत गेल्यावर ऑफिसमध्ये जाऊ नका. मेकॅनिकल घ्यायचं असेल तर सरळ वर्कशॉप गाठा. लेथ म्हणजे धातू फिरवत कापायचं मशीन, त्याखालच्या ट्रेमध्ये लोखंडाची कुरळी चीप पडलेली आहे का, तेलकट वास येतो का, बेंच व्हाइसचे जबडे घासलेले आहेत का, बघा. मशीन चकाचक रंगवलेली आणि ट्रे स्वच्छ असेल तर समजा, तिथं पोरांना लांबून दाखवतात. कॉम्प्युटरची लॅब असेल तर किती संगणकांवर "बंद आहे" अशी चिठ्ठी लावलीय ते मोजा. लायब्ररीत नोंदवही उघडी असते, आदल्या दिवशी किती सह्या झाल्यात ते दिसतं.

मग बाहेर येऊन टपरीवर चहा घ्या. थर्ड इयरची पोरं तिथंच सापडतात, आणि अनोळखी ज्युनिअरला सल्ला देण्याइतकं आवडीचं काम त्यांना दुसरं नसतं. "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका. "भारी आहे" किंवा "भंगार आहे" यापलीकडे काही मिळणार नाही. असं विचारा: मागच्या सेमला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, किती जणांचा राहिला? सेकंड इयरला शिकवणारे सर आज आहेत की सोडून गेले? होस्टेलला पाणी नळाचं की टँकरचं? मुलींना किती वाजता आत यावं लागतं? बॅनरवर ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यातले मेकॅनिकलच्या कामाला किती लागले आणि आयटीत किती? एकाच मुलाला तीन ऑफर मिळाल्या तर बॅनरवर त्या तीन धरतात, हे मला आत गेल्यावर कळलं. आमच्याकडे सरांचे पगार पाच-पाच महिने थकायचे. सेकंड इयरला एक विषय तीन जणांनी शिकवला, आणि तिघांनीही पहिला चॅप्टर नव्यानं सुरू केला. ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती, टपरीवर मात्र सगळ्यांना पाठ होती.

नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्थांचीही गल्लत होते. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेची असते, एनबीएची मान्यता शाखेगणिक. कॉलेजला एनबीए आहे, असं ऐकलंत की कुठल्या शाखेला आणि कुठल्या सालापर्यंत, हे विचारा.

बरं, इतकं करूनही कॉलेज चुकू शकतं. माझं तर न बघताच चुकलं होतं. पहिलं सेमिस्टर मी रुसण्यात घालवलं. ड्रॉइंगच्या शिट काचेवर आणि ट्यूबलाइट काचेखाली ठेवून जीटी मारल्या, म्हणजे दुसऱ्याचं ड्रॉइंग गिरवलं, जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलं, सह्यांसाठी रांगा लावल्या. ८० जणांच्या वर्गात आम्ही सहा मुली, त्यातल्या दोघी सारख्या ब्रँच बदलायचं बोलायच्या. एका विषयात नापास होऊन केटी लागली.

माझं गाडं रुळावर आलं ते वर्कशॉपमुळे. तिथल्या इन्स्ट्रक्टर काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि प्रॅक्टिकलची वेळ संपली तरी ते शटर ओढायचे नाहीत. एकदा जॉब, म्हणजे लेथवर कापायला दिलेला तुकडा, पूर्ण करायला मी मागे थांबले. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब आवळला आणि बटणाकडे हात नेला. काका तिकडून ओरडले, "किल्ली!" चकची किल्ली चकमध्येच होती. मशीन सुरू झालं असतं तर ती थेट तोंडावर आली असती. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाळ, चकमध्ये किल्ली असेल तेव्हा आपला हात किल्लीवरच. हात सोडायचा तर किल्ली काढूनच." त्या दिवसापासून मी आठवड्यातले तीन दिवस तिथं बसायला लागले. थ्रेड कापायला शिकले, टूल घासायला शिकले, मापं घ्यायचा व्हर्नियर हातात घेतल्याबरोबर आधी शून्य तपासायची सवय लागली.

प्रत्येक कॉलेजात असा एक जिवंत कोपरा असतोच, कितीही भिकार कॉलेज असलं तरी. कुठं लायब्ररी, कुठं एखाद्या मॅडमची केबिन, कुठं रात्री उघडी राहणारी लॅब. पहिल्या दोन महिन्यांत तो हुडका.

तिथूनच बाहाच्या, म्हणजे स्वतः गाडी बनवून उतरायच्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या, टीममध्ये शिरले. नऊ हजार वर्गणी बाबांकडून आणताना बरंच ऐकून घ्यावं लागलं. २०१९ साली गाडी घेऊन आम्ही मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला गेलो. ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं एकदम जाम व्हावी लागतात, आमचं मागचं डावं फिरतच राहिलं. लाइनमध्ये हवा होती. रात्रभर ब्रेक ब्लीड केले, म्हणजे ती हवा काढत बसलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा नापास. चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत आम्ही कुंपणाबाहेर उभं राहून बघितली. टीममधला एक मुलगा रडला, बाकीचे भांडले. तरीही टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते), खरेदी, बिलं आणि न ऐकणाऱ्या माणसांकडून काम करून घेणं, हे सगळं त्या गाडीनं शिकवलं.

शेवटच्या वर्षी रेडीमेड प्रोजेक्ट विकत मिळतात. आमच्या वर्गात निम्म्यांनी घेतले. आम्ही चौघांनी भोसरीत फिक्श्चर, म्हणजे मशीनवर जॉब पक्का धरून ठेवणारी साधनं, बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पत्र देऊन काम मागितलं. पाच ठिकाणी नकार आल्यावर सहावं लागलं. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. कॅम्पसमधून मिळालेल्या नोकरीची जॉइनिंगची तारीख सरकत सरकत शेवटी दिसेनाशी झाली. कारखान्याच्या मालकांचा मात्र दिवाळीच्या आधी फोन आला: "येतेस का? पगार थोडा आहे." गेले. आज मी चाकणला टूल डिझाइनमध्ये आहे, पण पायाभरणी तिथली.

सध्या भाची बारावीला आहे. तिला कॉम्प्युटर हवंय, तिच्या बाबांना "नाव असलेलं" कॉलेज. तिची यादी मी फ्रीजवर चिकटवलीय, अजून क्रम लावलेला नाही. मी येत्या बुधवारी रजा टाकलीय. दोन कॉलेजं होतील, तिसरं जमलं तर. ती म्हणाली डबा घेऊ या, म्हटलं नको, टपरीवर खाऊ.