तापलेल्या बाळासाठी नंबर लावताना

पावसाळ्यात ठाण्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे संध्याकाळची ओपीडी तुडुंब असते. फोन लागला की "बाळाला बरं नाही, लवकर घ्या ना" एवढ्यावर थांबू नका. रिसेप्शनवरच्या ताईंना नेमकं सांगा: "आठ महिन्यांचा आहे, सकाळपासून ताप १०२, दोनदा उलटी झाली, दुपारपासून शू केलेली नाही." एवढं हातात असलं की त्या आत जाऊन डॉक्टरांना विचारू शकतात, नुसत्या विनवणीवर त्यांना काही ठरवता येत नाही. उशिराचा नंबर मिळाला तरी घ्या, आणि मधे कोणी रद्द केलं तर फोन करायला सांगून ठेवा. आवाज मात्र चढवू नका, त्यांच्यासमोरही रडणारी पोरं आणि वैतागलेले आईबाप असतातच.

पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, किंवा कुठल्याही वयाच्या मुलाच्या श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, आकडी आली असेल, उठवूनही ते नीट जागं होत नसेल, तर नंबराची वाट बघू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. गाडी नसेल तर १०८ लावा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.