मोहिमेवर निघण्याआधी शस्त्रांचं वजन करा

पंधरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी गुरूच्या चंद्रावर निघालेल्या लष्करी मोहिमेची कथा लिहिली. यानात बेचाळीस सैनिक, आणि पहिली दोन पानं नुसती शस्त्रांची यादी. संपादकांनी हस्तलिखित परत पाठवलं. यादीशेजारी समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: 'हे सगळं वाहून कोण नेणार?' त्या ओळीमुळे मी जे शिकलो, ते विज्ञानकथेला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

मोहीम म्हटली की आधी रसद. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना कमी प्रतीचा नव्हता, पण अब्दालीने रसद तोडली होती आणि 14 जानेवारी 1761 ला आपलं सैन्य उपाशी पोटी रणात उतरलं. अंतराळात तर वाटेत दाणावैरण मिळेल असं गावच नाही. प्रत्येक किलो न्यायला इंधन लागतं, आणि ते इंधन न्यायला आणखी इंधन. म्हणून कथेचं पहिलं वाक्य सुचण्याआधी मी वहीत रकाने आखतो: वजन, दारूगोळा, वीज, उष्णता, धक्का. ज्या शस्त्राचे रकाने भरता येत नाहीत, ते माझ्या यानात चढत नाही.

नवीन लेखक पहिला प्रश्न हमखास विचारतात: निर्वात पोकळीत बंदूक चालेल का? चालेल. काडतुसातल्या दारूला जळण्यासाठी बाहेरची हवा लागत नाही, लागणारा ऑक्सिजन तिच्या रसायनातच असतो. अडचणी वेगळ्याच आहेत. वंगण उडून जातं, चंद्रावर असाल तर तिथली काचेसारखी धारदार धूळ सांध्यांत शिरते. आणि सगळ्यात मोठी अडचण गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्याची.

हा धक्का मला कागदावर कळला होता, अंगाला कळला नव्हता. मग एका रविवारी चाकांच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलो आणि पाच किलो गव्हाची पिशवी उजव्या खांद्यावरून समोरच्या गादीवर फेकली. खुर्ची मागे सरकली, हे अपेक्षितच होतं. पण ती गर्रकन फिरलीही, आणि माझं तोंड खिडकीकडे झालं. फेक शरीराच्या मध्यातून गेली नव्हती. तरंगणाऱ्या सैनिकाचं हेच होणार. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला सातशे मीटर वेगाने सुटली, तर पोशाखासह दोनशे किलोचा सैनिक सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर मागे जाईल. तीस गोळ्या झाडल्या की तोच वेग मीटरभराच्या आसपास, आणि वर गिरक्या. दुसरी गोळी नेम धरून मारायची तर त्याला कशाला तरी बांधून घ्यावं लागेल. तो पट्टा, ती कडी, ती लावताना चाचपडणारे जाड हातमोजे, यांतच प्रसंग उभा राहतो.

ही निव्वळ कल्पना नाही. सोव्हिएत संघाने 1974 मध्ये सोडलेल्या साल्युत-3 या स्थानकावर खरोखरची तोफ होती. नेम धरायला अख्खं स्थानक वळवावं लागायचं. जानेवारी 1975 मध्ये, आत कोणी नसताना, ती पृथ्वीवरून हुकूम देऊन झाडली गेली. तोफेमागे वीस टनांच्या आसपासचं स्थानक वळवत बसायचं, हे चित्र कुठल्याही काल्पनिक शस्त्रापेक्षा मला जास्त जिवंत वाटतं.

लेसरबद्दल जरा कडक बोलतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. पोकळीत झोत बाजूने दिसत नाही. हिरव्या-लाल रेघा ओढू नका. झोत पसरतो, हेही विसरू नका. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा झोत एक मीटर व्यासाच्या आरशातून सोडला, तर हजार किलोमीटरवर त्याचा ठिपका दोन-अडीच मीटरचा होतो आणि चंद्राएवढ्या अंतरावर जवळजवळ किलोमीटरभर. मग उष्णता. एक मेगावॅटच्या झोताला तीन मेगावॅट वीज लागली, तर उरलेल्या दोन मेगावॅटची भट्टी तुमच्याच यानात पेटते. बाहेर हवा नाही, म्हणजे ही उष्णता फक्त किरणांवाटे बाहेर जाणार. त्यासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असतात तसे मोठाले पांढरे फलक पसरावे लागतात, आणि शत्रूला नेम धरायला तेच सोपे. लढताना ते मिटायचे की उघडे ठेवायचे, हा निर्णय कप्तानाला घ्यायला लावा.

नुसत्या वेगाचं शस्त्र सगळ्यात स्वस्त. सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने आलेला एक किलोचा गोळा एक किलो टीएनटी या स्फोटकाहून थोडी जास्तच ऊर्जा घेऊन येतो, त्यात दारू भरायची गरजच नाही. 27 मार्च 2019 ला भारताने 'मिशन शक्ती'त असाच थेट आदळून उपग्रह फोडला. तो सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर होता, त्यामुळे बहुतेक तुकडे लवकर खाली येऊन जळावेत अशी अपेक्षा होती. चीनने 2007 मध्ये साडेआठशे किलोमीटरच्या वर फोडलेल्या उपग्रहाचे तीन हजारांवर तुकडे नोंदले गेले, आणि त्यांतले बरेच वर्षानुवर्षं फिरत राहिले. म्हणजे कक्षेत जिंकलात, तरी पुढच्या फेरीत तुमचंच यान त्या कचऱ्यातून जाणार.

अणुबॉम्बचं थोडक्यात: हवा नसल्याने धडाक्याची लाट नसते, मारतो तो किरणोत्सर्ग. शिवाय 1967 च्या अंतराळ कराराने अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी आहे. तुमच्या कथेत तो करार कोणी मोडला, ते आधी ठरवा.

आणि एक छोटं शस्त्र विसरू नका. मार्च 1965 मध्ये लिओनोव आणि बेल्यायेव या सोव्हिएत अंतराळवीरांचं यान ठरलेली जागा चुकून उरल पर्वताकडच्या बर्फाळ जंगलात उतरलं, सुटका होईपर्यंत दोन रात्री तिथेच काढाव्या लागल्या. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांना तीन नळ्यांचं पिस्तूल मिळू लागलं, ज्याचा दस्ता काढला की कोयता व्हायचा. शत्रूसाठी नव्हे, घरी परतल्यावरच्या लांडग्या-अस्वलांसाठी आणि लाकूड तोडण्यासाठी.

ती जुनी कथा मी नंतर पुन्हा लिहिली. सैनिक बेचाळीसचे तीस झाले, आणि दोन पानांची यादी गेली. तिच्या जागी कोठार सांभाळणारा सुभेदार आला. निघण्याच्या आदल्या रात्री तो वही घेऊन कप्तानाकडे जातो आणि विचारतो, 'साहेब, दुसरी तोफ चढवू की परतीचं पाणी?'